मंडळीचा सभासद होणं म्हणजे काय? हक्क आणि जबाबदाऱ्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं मंडळीबद्दल, म्हणजे एका ठिकाणी उपासनेला जमणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या स्थानिक समूहाबद्दल, आहेत, आणि ती दोन प्रकारच्या लोकांसाठी आहेत. काही जण वर्षानुवर्षं उपासनेला येतात, पण नाव नोंदवायचं म्हटलं की मागे सरतात. काहींचं नाव नोंदवहीत कधीचंच आहे, पण त्याचा अर्थ त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेला नाही. प्रत्येक परंपरेची पद्धत वेगळी असते: कुठे धर्मगुरूंकडे कारभार असतो, कुठे पाळक (मंडळीचे धार्मिक सेवक) आणि वडील (मंडळीतले ज्येष्ठ पुढारी) मिळून पाहतात, कुठे सगळी मंडळी मतदान करते. जिथे हा फरक महत्त्वाचा आहे तिथे तो सांगितला आहे. मात्र एक गोष्ट सगळीकडे लागू पडते आणि ती खाली पुन्हा पुन्हा येईल. मंडळीत तुमचा जो हक्क असतो, ते दुसऱ्या कुणाचं तरी कर्तव्य असतं. त्याने ते पार पाडलं नाही, तर तुमचा हक्क कागदावरच राहतो.

मी दर रविवारी येतोच. मग नाव नोंदवलं काय आणि न नोंदवलं काय, फरक काय पडतो?

उपासनेचं दार सगळ्यांना उघडं असतं. नाव तपासून कुणी आत सोडत नाही, तसं करूही नये. फरक पडतो तो तुम्ही आला नाहीत त्या रविवारी. नेहमी येणारा पाहुणा महिनाभर दिसला नाही, तर लोक म्हणतात, दुसरीकडे जात असेल. सभासद दिसला नाही तर कुणीतरी फोन करायचा असतो, घरी जाऊन यायचं असतं, आणि हे ‘कुणीतरी’ म्हणजे नेमकं कोण, ते ठरलेलं असतं. इब्री लोकांस पत्राच्या १३ व्या अध्यायात पुढाऱ्यांविषयी म्हटलं आहे की ते तुमच्या जिवांची राखण करतात आणि त्यांना त्याचा हिशेब द्यायचा आहे. हिशेब द्यायचा तर आपल्या हाती कोण सोपवलं आहे, हे आधी माहीत हवं.

सभासद झालात की तुम्हीही दुसऱ्यांसाठी ते ‘कुणीतरी’ होता. शेजारच्या बाकावरची व्यक्ती तीन रविवार दिसली नाही, तर तिची चौकशी करणं हे आता तुमचंही काम आहे.

बायबलमध्ये सभासदत्व कुठे सांगितलं आहे?

आजच्यासारखा अर्ज किंवा नोंदवही तिथे सापडणार नाही. पण आपली माणसं कोण, हे पहिल्या मंडळ्यांना नक्की ठाऊक होतं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २ मध्ये पेंटेकॉस्टच्या (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या) दिवशी सुमारे ३,००० माणसांची भर पडली असा आकडा दिला आहे, आणि ती माणसं शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं आणि प्रार्थना यांत टिकून राहिली असंही लगेच सांगितलं आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात विधवांच्या यादीचा उल्लेख आहे. ६० वर्षांखालच्या विधवेचं नाव त्या यादीत घालू नये, इतका तपशील तिथे आहे. अपुल्लो नावाचा उपदेशक इफिसहून अखया प्रांतात निघाला तेव्हा तिथल्या बंधूंनी त्याच्यासाठी पत्र लिहून दिलं. किंख्रियाच्या मंडळीत सेवा करणाऱ्या फिबीची ओळख प्रेषित पौलाने रोमकरांना पत्रातून करून दिली आणि तिचा नीट स्वीकार करा, तिला लागेल ती मदत करा, असं सांगितलं.

यादी, शिफारसपत्र, ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ हा भेद, आणि ठरावीक पुढारी. हे सगळं तिथे आहे, ते केवळ गर्दीला उद्देशून असतं तर त्याला काही अर्थच उरला नसता.

सभासद होण्यासाठी काय करावं लागतं?

बाप्तिस्मा आणि विश्वासाची कबुली या दोन गोष्टी जवळपास सगळीकडे लागतात. जिथे बालकांचा बाप्तिस्मा होतो तिथे मूल मोठं झाल्यावर दृढीकरण (बाप्तिस्म्याच्या विश्वासात त्याला पक्कं करण्याचा विधी) होतं किंवा ते स्वतः विश्वासाची जाहीर कबुली देतं. बाप्टिस्ट मंडळ्यांमध्ये स्वतः विश्वास ठेवल्यानंतरच, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. रोमन कॅथलिक पद्धतीत बाप्तिस्मा झालेली व्यक्ती सर्वसाधारणपणे ज्या धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या कार्यक्षेत्राच्या) हद्दीत राहते त्या धर्मग्रामाची असते. इतर बऱ्याच मंडळ्यांत काही आठवड्यांचा वर्ग, पाळकांबरोबर किंवा वडिलांबरोबर एक भेट आणि मग रविवारी सर्वांसमोर स्वीकार, असा क्रम असतो.

एक आग्रहाची सूचना: होकार देण्याआधी मंडळीचं विश्वासाचं निवेदन आणि नियमावली मागून घ्या आणि वाचा. न पटणारं काही दिसलं तर तेव्हाच विचारा. प्रामाणिक मंडळीला अशा प्रश्नांचा राग येत नाही.

सभासद झाल्यावर मला काय मिळतं?

पहिलं, प्रभूच्या मेजावर जागा. बाहेरच्या पाहुण्याला प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीत, भाग घेता येतो की नाही, याबाबत मंडळ्यांचे नियम वेगवेगळे आहेत. सभासदाची जागा मात्र ठरलेली असते. तिथे श्रीमंताला वेगळी रांग नसते. करिंथमध्ये काही जण आधीच पोटभर जेवत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौलाने त्यांना किती कठोर शब्दांत फटकारलं हे पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात वाचा. त्याच्या मते जे असं करत होते ते देवाच्या मंडळीचा अपमान करत होते.

दुसरं, काळजी घेतली जाणं. आजारपणात मंडळीच्या वडिलांना बोलावून घ्या, असं याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात स्पष्ट लिहिलं आहे. ‘बोलावून घ्या’ या सांगण्यात पुष्कळ काही आहे. तुम्ही उपकार मागत नसता, तुमच्या हक्काची गोष्ट मागत असता. रात्री फोन करायला संकोच वाटतो हे मी जाणतो, तरी फोन करा.

तिसरं, शिकवण मिळणं आणि ती तपासून पाहण्याची मोकळीक. बिरुया शहरातल्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्रात पडताळून पाहिलं, आणि प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलं आहे. म्हणून उपदेशानंतर पाळकांना थांबवून ‘हे कुठे लिहिलं आहे?’ असं विचारणं उद्धटपणाचं नाही.

चौथं, निर्णयात वाटा. याचं स्वरूप सर्वांत जास्त बदलतं. काही मंडळ्यांत सभासद पाळकांची निवड आणि वार्षिक अंदाजपत्रक मतदानाने ठरवतात, काहींत फक्त वडिलांना किंवा समितीला निवडतात, आणि जिथे बिशपांची व्यवस्था आहे तिथे नेमणुका वरून होतात. पण तिथेही बोलण्याचा हक्क असतो. रोमन कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कॅनन लॉमधलं (चर्चच्या कायद्यातलं) २१२ वं कलम सांगतं की श्रद्धावंतांना आपल्या गरजा आणि इच्छा धर्मगुरूंपुढे मांडण्याची मोकळीक आहे. २१३ वं कलम देवाचं वचन आणि संस्कार मिळण्याचा त्यांचा हक्क मान्य करतं.

पाचवं अनेकांच्या लक्षातच येत नाही: कामाला येण्याचा हक्क. तुम्हाला देवाकडून जे कौशल्य मिळालं आहे ते वापरायला जागा मिळणं. उत्तम शिकवणारी बाई वर्षानुवर्षं बाकावर बसून राहते, कारण तिला कुणी विचारलंच नाही. हे तिचं नुकसान आहे, आणि त्याहून जास्त त्या मंडळीतल्या मुलांचं.

आणि जबाबदाऱ्या?

१५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत (ख्रिस्ती शिकवण प्रश्नोत्तरांतून सांगणाऱ्या प्रॉटेस्टंट पुस्तकात) ‘पवित्रजनांची सहभागिता’ म्हणजे काय, असा ५५ वा प्रश्न आहे. त्याचं उत्तर दोन भागांत येतं: विश्वास ठेवणारे सगळे ख्रिस्ताचे आणि त्याच्या सर्व देणग्यांचे वाटेकरी आहेत, आणि म्हणून प्रत्येकाने आपली देणगी इतरांच्या भल्यासाठी तत्परतेने आणि आनंदाने वापरणं हे आपलं कर्तव्य समजावं. हक्क आणि जबाबदारी एकाच उत्तरात, एकामागोमाग. या विषयावर इतक्या थोडक्यात इतकं नेमकं सांगितलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

प्रत्यक्षात जबाबदाऱ्या अशा असतात: उपासनेला आणि प्रभुभोजनाला येणं, इतरांसाठी नाव घेऊन प्रार्थना करणं, ऐपतीप्रमाणे देणं, जमेल ती सेवा करणं, पुढाऱ्यांना साथ देणं, एकी राखणं, आणि सोमवार ते शनिवार असं वागणं की आपल्यामुळे ख्रिस्ताच्या नावाला बट्टा लागू नये. यातली शेवटची सर्वांत अवघड आहे. तुमच्या दुकानातलं माप आणि तुमच्या हाताखालच्या माणसाचा वेळेवर दिलेला पगार यांचाही तुमच्या सभासदत्वाशी संबंध आहे.

एकीबद्दल थोडं अधिक सांगतो, कारण मंडळ्या बहुतेक वेळा शिकवणीवरून फुटत नाहीत, कुजबुजीवरून फुटतात. सभा संपल्यावर आवारात तिघे जण उभे राहतात, चौथ्याबद्दल बोलतात, आणि तो जवळ आला की विषय बदलतो. हे थांबवायला अधिकारपद लागत नाही. ‘हे त्याच्याशीच बोलू या ना’ एवढं एका सभासदाने म्हटलं तरी पुरतं.

दर रविवारी यायलाच हवं का? घरी बसून मोबाइलवर उपासना पाहिली तर चालेल का?

आजार, म्हातारपण, घरात रुग्ण, रविवारची पाळी अशी कारणं खरी असतात, आणि अशा वेळी मोबाइलवरची उपासना म्हणजे मोठाच आधार. पण येता येत असताना न येणं वेगळं. इब्री १० मध्ये एकत्र मिळणं सोडू नका असं सांगताना कारण दिलं आहे ते एकमेकांना उत्तेजन देण्याचं. म्हणजे तुमची गरज मंडळीला आहे, हाही त्यातला मुद्दा आहे. पडद्यावर तुम्हाला उपदेश ऐकू येईल, पण मागच्या बाकावर एकटी बसलेली नवी मुलगी तुम्हाला दिसणार नाही.

दशमांश देणं बंधनकारक आहे का?

काही मंडळ्या दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देणं, शिकवतात, काही त्याला जुन्या कराराच्या नियमशास्त्राचा भाग मानतात. नव्या कराराचा भर वेगळ्या गोष्टीवर आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं (१ करिंथ १६), आणि मनात ठरवलं असेल तसं, कुरकुर न करता आणि कुणाच्या दडपणाखाली न येता द्यावं (२ करिंथ ९). नियमितपणा, ऐपत आणि खुशी या तिन्ही गोष्टी त्यात आल्या.

माझं स्पष्ट मत आहे की कर्जात बुडालेल्या कुटुंबाला दहा टक्क्यांच्या नावाने भीती घालणं हे पाप आहे. आणि चांगलं कमावणाऱ्याने सुटी नाणी टाकून मोकळं होणं हेही योग्य नाही.

मंडळीच्या पैशांचा हिशेब मी विचारू शकतो का?

हो, विचारायलाच हवा. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा केलेली मोठी रक्कम नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेला एक माणूस सोबत घेतला, आणि त्याचं कारणही लिहून ठेवलं: या देणगीवरून कुणी आम्हाला दोष लावू नये (२ करिंथ ८). प्रेषितालाही साक्षीदार सोबत असावा असं वाटत होतं, तर आजच्या खजिनदाराने हिशेब दाखवण्यात कमीपणा का मानावा?

वार्षिक सभेत जमाखर्च भराभर वाचला जातो आणि ‘मंजूर?’ विचारल्यावर सगळे हात वर करतात. मागे अशाच एका सभेत एका आजींनी उभं राहून विचारलं, ‘गरीब निधीत इतके पैसे जमले आणि वर्षभरात एवढेच खर्च झाले? आपल्यात कुणी गरीब उरलंच नाही का?’ सभागृहात शांतता पसरली. त्या वर्षी तो निधी घरोघरी चौकशी करून खऱ्या गरजूंपर्यंत पोहोचवायचं ठरलं. आजींचा प्रश्न चोरी पकडण्यासाठी नव्हता, पैसा ज्यासाठी दिला त्यासाठी वापरला जावा यासाठी होता. हिशेब विचारायचा तो असा.

ही चिंता फार जुनी आहे. इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोमी सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या बचावाचं लिखाण केलं, त्यात रविवारच्या सभेचं वर्णन आहे. ज्याची ऐपत आहे तो खुशीने देतो, ते पुढाऱ्याजवळ ठेवतात, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांना मदत होते. जे सभेला येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक भाकर आणि द्राक्षारस घेऊन जातात, असंही त्यात आहे.

पाळकांचं आणि वडिलांचं किती ऐकायचं?

शास्त्राला धरून ते जे शिकवतात आणि मंडळीच्या व्यवस्थेसाठी जे ठरवतात, ते मनापासून ऐकायचं. आपल्याला हव्या त्या रंगाचे पडदे लावले नाहीत म्हणून वर्गणी थांबवणं हा पोरकटपणा झाला. पण अधिकाराला सीमा आहे. पेत्राने वडिलांना बजावलं आहे की तुमच्या हाती सोपवलेल्यांवर धनीपण करू नका, कित्ता व्हा (१ पेत्र ५). लग्न कुणाशी करायचं, मत कुणाला द्यायचं, नोकरी कोणती धरायची, अशा बाबतीत ते सल्ला देऊ शकतात, हुकूम देऊ शकत नाहीत.

दुसऱ्या सभासदाशी माझं बिनसलं आहे. काय करू?

मत्तय १८ मध्ये येशूने क्रम घालून दिला आहे. आधी एकट्याने त्याच्याकडे जा. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घे. तरीही नाही, तर मंडळीला सांग. आपण बहुतेक जण हा क्रम उलटा चालवतो: आधी सगळ्यांना कळतं आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला सर्वांत शेवटी. पहिली पायरी नीट पार पाडली तर बहुतेक भांडणं तिथेच मिटतात.

मंडळीची शिस्त म्हणजे काय? नाव काढून टाकतात का?

कधी कधी, हो. पण तो शेवटचा उपाय असतो, आणि गंभीर पाप उघड होऊनही माणूस मागे फिरायला तयार नसेल तरच तो योजायचा. हेतू माणूस परत मिळवण्याचा असतो. करिंथच्या मंडळीला पौलाने आधी एका माणसाला बाहेर काढायला सांगितलं होतं. दुसऱ्या पत्रात, अध्याय २ मध्ये, बहुतेकांनी मिळून दिलेली शिक्षा पुरे झाली, आता क्षमा करा, सांत्वन करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, असं तो कळवळून लिहितो. हे त्याच माणसाबद्दल आहे असं पुष्कळांनी मानलं आहे, काहींना तो दुसरा कुणी वाटतो. सांगणं दोन्ही बाजूंनी तेच राहतं: परत येणाऱ्याला दारात उभं ठेवू नका.

शिस्तीच्या नावाने वैयक्तिक हिशेब चुकते करणं, विरोधी मत मांडणाऱ्याला वाळीत टाकणं, पीडित बाईलाच ‘सहन कर’ म्हणून गप्प करणं, यातल्या कशालाही शास्त्राचा आधार नाही. आरोप काय आहे हे कळणं आणि बाजू मांडायला मिळणं हा सभासदाचा हक्क आहे.

तक्रार पुढाऱ्याविरुद्धच असेल तर?

वडिलांवरचा आरोप दोन किंवा तीन साक्षीदार असल्याशिवाय घेऊ नका, असं १ तीमथ्य ५ मध्ये आहे. पुष्कळ जण इथेच थांबतात. पुढचं वचन म्हणतं की जे पाप करत राहतात त्यांना सर्वांदेखत दोष लाव. आणि पक्षपात करू नको, हेही लगेच पुढे आहे.

मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलांचा छळ किंवा पैशांचा अपहार घडला असेल तर तो गुन्हा आहे. तो पोलिसांकडे न्या. मंडळीची समिती तपासयंत्रणेची जागा घेऊ शकत नाही. ‘घरातली गोष्ट बाहेर नको’ असं म्हणून ज्यांनी अशी प्रकरणं झाकली, त्यांनी लेकरांना वाऱ्यावर सोडलं आणि मंडळीचंही नुकसान केलं.

मी आता अंथरुणाला खिळून आहे. माझ्याकडून मंडळीला काय मिळणार?

एक सभासद काही वर्षांपासून घराबाहेर पडू शकत नाहीत. त्यांच्या उशाशी मंडळीची नावांची यादी असते, कडा पार झिजलेली. रोज एका घराचं नाव घेऊन त्या प्रार्थना करतात आणि दुपारी त्या घरी फोन लावतात, ‘आज तुमच्यासाठी प्रार्थना केली, काही सांगायचं आहे का?’ मुलाच्या परीक्षेपासून नवऱ्याच्या दारूपर्यंत लोक त्यांना सगळं सांगतात. कोणत्या घरात काय चाललं आहे हे पाळकांनाही पुष्कळदा त्यांच्याकडून, अर्थात त्या घरच्यांच्या परवानगीने, समजतं. पाळक प्रभुभोजन घेऊन त्यांच्या घरी जातात तो त्यांचा हक्क आहे, आणि मंडळीची जी सेवा त्या करतात ती धडधाकट असलेल्या कितीतरी जणांना जमलेली नाही.

मला मंडळीत कुणी विचारतच नाही. मी का टिकून राहू?

हे दुःख खरं आहे आणि दोष दर वेळी तुमचा नसतो. यरुशलेमेच्या मंडळीतही ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होत होतं. तक्रार झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना दटावलं नाही, सगळ्या शिष्यांना बोलावून सात माणसं निवडायला सांगितलं आणि त्या कामाची घडी बसवली (प्रेषितांची कृत्ये ६). म्हणून तक्रार करा, पण जिथे उपाय होऊ शकतो तिथे करा: पाळकांकडे, वडिलांकडे. भाषा, जात, शिक्षण किंवा कपडे पाहून कुणाला मागे बसवलं जात असेल तर याकोबाच्या पत्राचा २ रा अध्याय त्यांच्यासमोर उघडा. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायापाशी, हे तिथे सरळ सरळ पाप ठरवलं आहे.

एकाच वेळी दोन मंडळ्यांचं सभासद होता येतं का?

बहुतेक ठिकाणी नाही. दुसऱ्या मंडळीत पाहुणे म्हणून जायला हरकत नाही, पण जबाबदारी एका जागी घ्या.

दुसरीकडे राहायला जाणार आहे किंवा मंडळी बदलायची आहे. काय करू?

स्थलांतर असेल तर सभासदत्वाचं पत्र मागून घ्या आणि नव्या ठिकाणी लवकर द्या. पत्र पेटीत पडून राहतं, वर्ष जातं, आणि माणूस कुठलाच राहत नाही, असं फार वेळा घडतं.

मतभेदामुळे सोडत असाल तर आधी पाळकांशी समोरासमोर बोला. शिकवण ख्रिस्तापासून दूर नेत असेल, अन्याय झाकला जात असेल आणि सांगूनही बदल होत नसेल, तर सोडणं योग्यच आहे. गाण्याची पद्धत आवडली नाही किंवा समितीत नाव आलं नाही, ही कारणं पुरेशी नाहीत. जाताना निरोप घेऊन जा. चार घरं बरोबर ओढून नेऊ नका.

नाव नोंदवायचं ठरवलं आहे. सुरुवात कुठून करू?

येत्या रविवारी उपासनेनंतर पाळकांना किंवा चिटणिसांना भेटा. बाप्तिस्म्याचा दाखला आणि आधीच्या मंडळीचं पत्र असेल तर सोबत ठेवा. दाखला हरवला असेल तर जिथे बाप्तिस्मा झाला तिथल्या नोंदवहीतून प्रत मिळू शकते. पुढचा वर्ग कधी सुरू होतो ते विचारा, नियमावली मागून घ्या, आणि तुम्हाला कोणतं काम जमतं हेही त्याच वेळी सांगून ठेवा.